संगणकातून स्वच्छ गाणं: फाइलपासून स्पीकरपर्यंतची वाट

घरात बऱ्यापैकी अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकरची जोडी असेल, तर सीडी प्लेअरच्या तोडीचं यंत्र बहुतेकांकडे आधीच असतं: पाच-सात वर्षं वापरलेला लॅपटॉप. संगीत वाजवणं हे संगणकाला अगदी हलकं काम आहे. सीडीच्या दर्जाचा आवाज म्हणजे सेकंदाला सुमारे १४ लाख ११ हजार बिट, आणि एवढा डेटा दहा वर्षांपूर्वीचा प्रोसेसरही सहज हाताळतो. तरीही लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून थेट अ‍ॅम्पला वायर जोडली की कधी बारीक घूं ऐकू येते, कधी माउस हलवला की किरकिर होते, कधी गाणं चालू असताना मधेच 'टिंग' वाजतं. मग लोक ठरवून टाकतात की संगणकाचा आवाज वाईटच.

बिघाड होतो तो तीन ठिकाणी. ऑपरेटिंग सिस्टिम आवाजात परस्पर फेरफार करते, घरातल्या विजेची घाण सिग्नलमध्ये मिसळते, आणि खोली स्वतःचा आवाज त्यात घालते. या तिन्हींवर बरंचसं काम जवळपास फुकटात होतं. महागड्या यूएसबी केबल आणि 'ऑडिओफाइल' सॉकेट हे या तिन्हींपैकी एकावरही उपाय नाहीत. पैसे असतील तर ते स्पीकरवर घाला.

वेगळा डॅक लागतो का?

डॅक म्हणजे आकड्यांचं विजेच्या लहरींत रूपांतर करणारा भाग. तो प्रत्येक लॅपटॉपमध्ये असतोच, आणि आजकालचा अंगचा डॅक वाटतो तितका वाईट नसतो. विकत घेण्याआधी ही चाचणी करा. अ‍ॅम्पचा आवाज नेहमी ऐकता त्या पातळीवर ठेवा, गाणं बंद करा आणि ट्वीटरपासून (स्पीकरमधला वरचे सूर वाजवणारा छोटा भाग) साधारण एक फुटावर कान न्या. माउस फिरवा, मोठं वेबपान वरखाली सरकवा, एखादी फाइल कॉपी करा. काहीच ऐकू आलं नाही तर तूर्त डॅकची गरज नाही. चिवचिव किंवा किरकिर आली तर ग्राफिक्स आणि प्रोसेसरचा गोंगाट अ‍ॅनलॉग भागात शिरतोय, आणि बाहेरचा डॅक हाच त्यावरचा सरळ इलाज आहे. डेस्कटॉप असेल तर पुढचा जॅक वापरू नका. तिथवर जाणारी वायर कॅबिनेटच्या आतून गोंगाटाच्या शेजारून जाते. मागचा हिरवा जॅक जवळपास नेहमीच जास्त स्वच्छ असतो.

डॅक घेताना एवढंच पाहा: २४ बिट, ४४.१, ४८, ८८.२ आणि ९६ किलोहर्ट्झ हे चारही सॅम्पल रेट (रेट म्हणजे सेकंदाला आवाजाची किती हजार मोजमापं, बिट म्हणजे प्रत्येक मोजमापाची बारकाई); मागे आरसीएची (गोल, लाल-पांढऱ्या तोंडांची) लाइन-आउट जोडी, जिच्यावर साधारण २ व्होल्ट मिळतात; आणि असिंक्रोनस यूएसबी. असिंक्रोनस म्हणजे ताल डॅकचं घड्याळ धरतं आणि संगणक त्याच्या मागणीप्रमाणे डेटा पाठवतो, त्यामुळे संगणकाच्या डळमळीत घड्याळाचा परिणाम उरत नाही. १९२ किलोहर्ट्झ, डीएसडी (आवाज साठवण्याची वेगळी पद्धत) वगैरे असलं तर असू द्या, पण त्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका. फोनसाठी मिळणारा छोटा यूएसबी-सी डोंगलसुद्धा सुरुवातीला चालतो. त्याचं आउटपुट बहुधा १ व्होल्टच्या आसपास असतं, म्हणजे २ व्होल्टच्या डॅकपेक्षा ६ डेसिबल कमी. अ‍ॅम्पची नॉब थोडी जास्त फिरवली की भागतं.

विंडोज १० च्या १७०३ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, यूएसबी ऑडिओ क्लास २ चा (यूएसबीवरून जास्त रेटचा आवाज पाठवण्याच्या ठरलेल्या पद्धतीचा) आधार विंडोजमध्येच आहे. त्याहून जुनं विंडोज असेल तर ९६ किलोहर्ट्झच्या पुढे जाणाऱ्या डॅकसाठी कंपनीचा ड्रायव्हर टाकावा लागतो. मॅक आणि लिनक्सला ड्रायव्हर लागत नाही.

स्पीकर अंगच्या अ‍ॅम्पचे असतील आणि त्यांना यूएसबीचं तोंड असेल तर डॅक त्यांच्यातच आहे, दुसरा घेऊ नका. होम थिएटर रिसीव्हर असेल तर एचडीएमआयने जोडा; त्यातून आठ चॅनलपर्यंत अस्सल पीसीएम, म्हणजे न दाबलेला डिजिटल आवाज, जातो. ब्लूटूथ सोयीचं आहे, पण त्यात आवाज पुन्हा एकदा दाबून पाठवला जातो. पाहुणे आले की ते ठीक, मुख्य ऐकण्यासाठी वायरच हवी.

संगणक कुठे ठेवायचा

पंख्याचा आवाज हा गोंगाटच आहे, आणि तो कुठलाही डॅक घालवू शकत नाही. यूएसबी २.० ची केबल ५ मीटरपर्यंत नियमात बसते, तेव्हा संगणक ऐकण्याच्या जागेपासून दोन-तीन मीटर दूर ठेवा. जुन्या लॅपटॉपमध्ये फिरणारी हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडी बसवा. खरखर थांबते आणि यंत्रही चपळ होतं. मागची जाळी आणि पंखा धूळ काढून साफ केला की पंखा निम्मा वेळ फिरतच नाही.

लॅपटॉप चोवीस तास चार्जरवर राहणार असेल तर बॅटरी फुगण्याचा धोका असतो. बऱ्याच लॅपटॉपच्या बायोसमध्ये किंवा कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते, ती चालू करा. टचपॅड वर उचलल्यासारखा दिसला किंवा बूड टेबलावर सपाट बसेनासं झालं तर तो लॅपटॉप वापरणं लगेच थांबवा.

नवीनच घ्यायचं असेल तर इंटेल एन१०० प्रोसेसरचा बिनपंख्याचा मिनी पीसी किंवा रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा संगणक पुरेसा आहे. रास्पबेरी पायवर मूड ऑडिओ किंवा व्हॉल्यूमिओ ही संगीतासाठीच बनवलेली लिनक्स प्रणाली टाकली की फोनच्या ब्राउझरमधून गाणी लावता येतात आणि पुढे सांगितलेल्या विंडोजच्या भानगडीत पडावंच लागत नाही.

पहिली जोडणी

अ‍ॅम्प बंद, आवाजाची नॉब पूर्ण खाली. डॅकचे आरसीए अ‍ॅम्पच्या 'ऑक्स', 'सीडी' किंवा 'लाइन' इनपुटला लावा. 'फोनो'ला कधीही लावू नका. ते तबकडीच्या सुईसाठी असतं, सिग्नल शेकडो पट वाढवतं आणि आवाज फाटून निघतो. आता डॅक संगणकाला जोडा, संगणक सुरू करा, सगळ्यात शेवटी अ‍ॅम्प. बंद करताना उलटा क्रम: आधी अ‍ॅम्प. संगणक सुरू-बंद होताना डॅकमधून जो धप्प आवाज येतो तो अशाने स्पीकरपर्यंत जात नाही.

मग कुणाचंही नुसतं बोलणं लावा, बातम्या चालतील. बोलणारा दोन्ही स्पीकरच्या बरोबर मधे उभा आहे असं वाटायला हवं. आवाज पसरट, डोक्याभोवती तरंगत असल्यासारखा वाटला आणि खालचे सूर गायब असतील, तर एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागली आहे. हा दोष फार सर्रास आढळतो आणि लोक महिनोन् महिने तसंच ऐकत राहतात.

विंडोजचा मिक्सर

ही पायरी वगळली तर डॅक कितीही चांगला असला तरी फाइल जशीच्या तशी त्याच्यापर्यंत पोचत नाही. विंडोजमध्ये ब्राउझर, मेसेजच्या टिंगटिंगी, प्लेअर असे सगळ्यांचे आवाज एका मिक्सरमध्ये येतात. तो सगळ्यांना एकाच सॅम्पल रेटवर आणतो आणि मग डॅककडे पाठवतो. रेट ४८ वर ठेवलेला असेल तर सीडीवरून घेतलेली ४४.१ ची प्रत्येक फाइल गणित करून बदलली जाते. त्याच वाटेवर विंडोजचा एक लिमिटरही बसलेला असतो, जो फार मोठ्या शिखरांना किंचित दाबतो. आजच्या विंडोजमध्ये या बदलाने होणारं नुकसान थोडं आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण याच मिक्सरच्या वाटेवर 'एन्हान्समेंट' नावाच्या गोष्टीही असतात, आणि त्या मात्र आवाजाची पुरती वाट लावतात.

म्हणून या क्रमाने जा:

१. सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड इथे जाऊन आउटपुट म्हणून तुमचा डॅक निवडा. त्याच्या गुणधर्मांत जाऊन 'ऑडिओ एन्हान्समेंट्स' आणि 'स्पेशियल साउंड' (Spatial sound) दोन्ही बंद करा. लॅपटॉपबरोबर आलेलं आवाज 'सुधारणारं' वेगळं सॉफ्टवेअर असेल तर तेही काढून टाका.

२. 'मोअर साउंड सेटिंग्ज' उघडा. प्लेबॅकच्या यादीत डॅकवर दोनदा क्लिक करून 'अ‍ॅडव्हान्स्ड' या पानावर या. फॉर्मॅट २४ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ ठेवा. मुख्यतः चित्रपट आणि व्हिडिओ पाहत असाल तर ४८. खालच्या 'एक्सक्लुझिव्ह मोड'च्या दोन्ही चौकोनांत खूण असू द्या.

३. त्याच खिडकीतल्या 'कम्युनिकेशन्स' पानावर 'डू नथिंग' निवडा. नाहीतर कॉल आला की विंडोज बाकीच्या आवाजाची पातळी ८० टक्क्यांनी खाली आणतं. 'साउंड्स'च्या पानावर 'नो साउंड्स' ठेवलं की टिंग वाजणं कायमचं बंद.

४. फूबार २००० हा मोफत प्लेअर टाका. प्रेफरन्सेस, प्लेबॅक, आउटपुट इथे उपकरणांच्या यादीत तुमच्या डॅकचं नाव दोनदा दिसेल. ज्याच्या पुढे 'एक्सक्लुझिव्ह' लिहिलंय ते निवडा. आता प्लेअर मिक्सरला वळसा घालून थेट डॅकशी बोलतो, आणि ४४.१ ची फाइल ४४.१ वर, ९६ ची ९६ वर जाते.

हे खरंच झालं का ते तपासणं सोपं आहे. गाणं चालू असताना ब्राउझरमध्ये एखादा व्हिडिओ लावा. व्हिडिओ मुका राहिला किंवा चालायलाच नकार देऊ लागला, तर डॅक पूर्णपणे प्लेअरच्या ताब्यात आहे. दोन्ही एकत्र ऐकू आले तर तुम्ही अजून मिक्सरमधूनच ऐकताय. डॅकवर रेट दाखवणारा पडदा किंवा रंग बदलणारा दिवा असेल तर वेगवेगळ्या रेटच्या दोन फाइली लावून तो बदलतो का ते बघा.

मॅकवर 'ऑडिओ मिडी सेटअप' हे छोटं अ‍ॅप युटिलिटीजमध्ये असतं. तिथे डॅक निवडून रेट हाताने लावता येतो. अ‍ॅपल म्युझिकमध्ये लॉसलेस (काहीही न गमावता साठवलेला आवाज) जून २०२१ पासून आहे, पण सेटिंगमध्ये जाऊन ते चालू करावं लागतं, आपोआप होत नाही. लिनक्सवर प्लेअरच्या आउटपुटमध्ये अल्सा या लिनक्सच्या आवाजाच्या यंत्रणेचं थेट हार्डवेअर उपकरण निवडलं की मधला मिक्सर टळतो.

आवाज कमी-जास्त कुठे करायचा? शक्यतो अ‍ॅम्पच्या नॉबवर, आणि विंडोज व प्लेअर १०० वर. संगणकात आवाज ६ डेसिबल खाली आणला की एक बिट खर्च होतो. १६ बिटच्या आउटपुटवर ३० डेसिबल खाली गेलात तर पाच बिट गेले. २४ बिटवर हाच खर्च परवडतो, म्हणून अंगच्या अ‍ॅम्पच्या स्पीकरना नॉब नसेल तर आउटपुट २४ बिट ठेवा आणि प्लेअरमध्ये आवाज कमी करा. नुसता पॉवर अ‍ॅम्प असेल, ज्याला नॉबच नाही, तर १०० चा आकडा स्पीकर जाळेल. तिथे मधे प्रीअ‍ॅम्प (आवाजाची पातळी ठरवणारा भाग) किंवा नॉब असलेला डॅक असलाच पाहिजे.

घूं आवाज: कारण आणि इलाज

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून घूं ५० किंवा १०० हर्ट्झची असते. ती येते कारण संगणक आणि अ‍ॅम्प वेगवेगळ्या वाटांनी अर्थिंगला जोडलेले असतात, आणि दोन्हींना जोडणाऱ्या आरसीए वायरच्या बाहेरच्या जाळीतून थोडा प्रवाह वाहू लागतो. अ‍ॅम्प त्या प्रवाहालाच सिग्नल समजतो आणि वाढवतो.

पहिली चाचणी: लॅपटॉपचा चार्जर काढा. आवाज थांबला तर गुन्हेगार चार्जर. अनेक लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर हात फिरवला की झिणझिण लागते. दोन पिनांच्या चार्जरमधल्या छोट्या कपॅसिटरमधून गळणारा तो प्रवाह, आणि अर्थिंगकडे जायला त्याला तुमची आरसीए वायर सापडलेली असते. तीन पिनांची केबल लागणारा चार्जर मिळत असेल तर तो घ्या, आणि संगणक, डॅक, अ‍ॅम्प सगळे एकाच एक्स्टेंशन बोर्डवर आणा. निम्म्याहून अधिक घरांत गोष्ट इथेच संपते.

संपली नाही तर सेट-टॉप बॉक्स किंवा केबलची गोल वायर काढून बघा. गच्चीवरच्या डिशची वायर इमारतीच्या दुसऱ्याच टोकाची जमीन तुमच्या बैठकीच्या खोलीत आणते, आणि टीव्ही अ‍ॅम्पला जोडलेला असेल तर घूं तिथूनच येते. संगणकाचा यात काहीच दोष नसतो. टीव्हीचा आवाज ऑप्टिकल वायरने अ‍ॅम्पला दिला की हा रस्ता बंद होतो, कारण काचेतून किंवा प्लॅस्टिकमधून प्रकाश जातो, वीज जात नाही. संगणकाला किंवा डॅकला ऑप्टिकल असेल तर त्याच कारणाने तीही उत्तम वाट. ९६ किलोहर्ट्झपर्यंत ती बिनधोक चालते.

तरीही राहिली तर यूएसबी आयसोलेटर. इथे एक अडचण समजून घ्या. बाजारात मिळणारे स्वस्त आयसोलेटर बहुधा एडीयूएम४१६० या चिपवरचे असतात आणि ती चिप १२ मेगाबिटच्या यूएसबीपुरतीच आहे. तुमचा डॅक क्लास २ चा असेल तर तो त्यातून ओळखलाच जाणार नाही किंवा कमी रेटवर अडकेल. ४८० मेगाबिट असं स्पष्ट लिहिलेला आयसोलेटरच घ्या. दुसरा पर्याय आरसीएच्या वाटेत लावायचा ट्रान्सफॉर्मरचा ग्राउंड लूप आयसोलेटर. तो घूं घालवतो, पण अगदी स्वस्तातला असेल तर खालचे सूरही थोडे खातो.

अर्थिंगची पिन तोडू नका आणि तिच्यावर चिकटपट्टीही लावू नका. घूं जाईल, पण अ‍ॅम्पमध्ये कधी फेज बॉडीला लागला तर तो तुमच्या हातातून जमिनीत जाईल. जुन्या इमारतीत मुळात अर्थिंगच नसण्याची शक्यता असते. वायरमनला बोलावून मल्टिमीटर लावायला सांगा: फेज आणि अर्थिंगमध्ये २३० व्होल्टच्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. त्याहून बरंच वेगळं दिसलं तर आधी ते दुरुस्त करून घ्या.

लोडशेडिंग असलेल्या गावांत आणखी एक प्रकार दिसतो. वीज गेल्यावर इन्व्हर्टर चालू झाला की अ‍ॅम्पचा ट्रान्सफॉर्मर स्वतःच गुरगुरू लागतो. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरचा तो परिणाम. साइन वेव्ह इन्व्हर्टर असेल तर हा त्रास होत नाही. आणि पावसाळ्याच्या तोंडावर, वळवाच्या विजा कडाडू लागल्या की डॅक, अ‍ॅम्प, राउटर सगळ्यांचे प्लग भिंतीतून काढून ठेवा. स्विच बंद करणं पुरत नाही.

टिकटिक आणि तुटणारा सूर

घूं सतत असते, टिकटिक अधूनमधून. ती ओळखायला तानपुऱ्याचं नुसतं रेकॉर्डिंग लावा. तबला किंवा ड्रमच्या आड एखादी टिक लपून जाते, तानपुऱ्याच्या अखंड झणकारात ती लगेच उघडी पडते. कारण बहुतेकदा असं: एखादा ड्रायव्हर, बरेचदा वायफायचा, प्रोसेसर थोडा वेळ अडवून धरतो आणि डॅककडे डेटा वेळेवर पोचत नाही. लेटन्सीमॉन हे मोफत साधन दहा मिनिटं चालवलं की दोषी ड्रायव्हरचं नाव कळतं. तो अद्ययावत करा. पॉवर ऑप्शन्समध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करा. डॅक हबमधून न जोडता थेट लॅपटॉपच्या तोंडात लावा, दुसरं तोंड वापरून पाहा. फूबारमध्ये बफर (आगाऊ वाचून ठेवलेला डेटा) एक सेकंदाचा किंवा जास्त ठेवा. गाणी ऐकताना मोठ्या बफरने आवाजाचं काहीच बिघडत नाही. बटण दाबल्यावर गाणं क्षणभर उशिरा सुरू होतं इतकंच.

फाइली

घरातल्या सीडी आधी उतरवून घ्या. चकत्या जुन्या होतात आणि ड्राइव्ह मिळेनाशा झाल्यात. विंडोजवर एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी वापरा, मॅकवर एक्सएलडी. यूएसबीचा कुठलाही साधा डीव्हीडी ड्राइव्ह चालतो. 'सिक्युअर मोड' निवडा आणि अ‍ॅक्युरेटरिप चालू ठेवा. ते तुमच्या फाइलचा तपासणी-आकडा जगभरातल्या लोकांनी त्याच सीडीवरून काढलेल्या आकड्यांशी ताडून बघतं. जुळला तर प्रत अचूक आहे, याबद्दल शंका उरत नाही. मराठी छोट्या कंपन्यांच्या सीडी त्या साठ्यात सापडत नाहीत असं बरेचदा होतं. तिथे 'टेस्ट अँड कॉपी' वापरा: तीच सीडी दोनदा वाचली जाते आणि दोन्ही आकडे जुळले तर पुरे.

साठवायचं फ्लॅकमध्ये. फ्लॅक आवाज न गमावता फाइल साधारण निम्म्या-साठ टक्क्यांवर आणतं. त्यातल्या ० ते ८ या पातळ्या फक्त फाइल किती लहान होणार आणि त्याला किती वेळ लागणार एवढंच ठरवतात, दर्जा सगळ्यांचा तोच. ५ ठेवा आणि विसरून जा. एका टेराबाइटमध्ये अडीच हजारांच्या वर सीडी बसतात. मात्र एमपी३ वरून फ्लॅक केल्याने गेलेलं परत येत नाही. बाहेरून मिळालेल्या फ्लॅकबद्दल शंका असेल तर स्पेक या मोफत प्रोग्रॅममध्ये ती उघडा. नव्या रेकॉर्डिंगमध्ये रंगीत आलेख १६ किलोहर्ट्झवर सुरीने कापल्यासारखा थांबत असेल, तर ती १२८ केबीपीएसच्या एमपी३ वरून बनवलेली असण्याची दाट शक्यता आहे.

१६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ ऐकण्यासाठी पुरतं. त्यात २२ किलोहर्ट्झपर्यंतचे सूर बसतात आणि कान २० च्या पुढे जात नाही. ९६ डेसिबलचा पल्ला कुठल्याही फ्लॅटमधल्या शांततेपेक्षा मोठा आहे. ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून उतरवलेलं जुनं नाट्यसंगीत २४ बिट १९२ मध्ये मिळालं तर त्यात फक्त तबकडीची खरखर जास्त बारकाईने मोजलेली असते. तिथे उतरवणाऱ्याने चांगली प्रत आणि योग्य वेग निवडला का, हे महत्त्वाचं. काळी दोनची बैठक अर्धा सूर चढी वाजत असेल तर सॅम्पल रेटने काय होणार?

नावं टाकताना एमपी३टॅग वापरा. फ्लॅकचे टॅग युनिकोडमध्येच असतात, त्यामुळे देवनागरी बिनधास्त लिहा. पण एक पद्धत ठरवून टाका. 'भीमसेन जोशी', 'पं. भीमसेन जोशी' आणि रोमन लिपीतलं तेच नाव हे प्लेअरच्या लेखी तीन वेगळे गायक होतात. रागासाठी स्वतंत्र फील्ड बनवता येतं. फील्डचं नाव मात्र रोमन अक्षरांतच हवं, आतला मजकूर देवनागरीत चालतो. एवढी मेहनत एकदा केली की संध्याकाळी सगळ्यांचे यमन एका ओळीत समोर येतात, आणि तेव्हा हा सगळा खटाटोप सार्थकी लागतो.

मैफिलीच्या सीडीवर विलंबित आणि द्रुत वेगळे ट्रॅक असतात, पण आवाज अखंड असतो. फूबारमध्ये फ्लॅक वाजवताना मधे फट पडत नाही. टीव्हीवर किंवा वायफाय स्पीकरवर पाठवताना पडू शकते, म्हणून मैफिली थेट डॅकवर ऐका. नवी आणि जुनी गाणी एकत्र लावल्यावर आवाज वरखाली होतो त्यावर रिप्लेगेन हा उपाय. अल्बम निवडून स्कॅन करा आणि 'अल्बम गेन' वापरा. 'ट्रॅक गेन'ने शांत आलाप तराण्याइतका मोठा होतो, आणि गायकाने बांधलेला चढ मोडून पडतो.

सगळ्या फाइलींची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर आणि ती डिस्क शक्यतो दुसऱ्या घरात.

खोली

इथवर सगळं नीट जमलं असेल तर उरलेला सगळ्यात मोठा दोष खोलीचा असतो, आणि तो आधीच्या सगळ्या दोषांपेक्षा मोठा असतो. दोन समांतर भिंतींमध्ये ज्या सुराची अर्धी लहर बरोबर बसते तो सूर फुगतो. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४५ मीटर धरा आणि त्याला अंतराच्या दुपटीने भागा. १२ फुटांसाठी ४७ हर्ट्झ, १० फुटांसाठी ५७, आणि साडेनऊ फुटांच्या छतासाठी ६०. नेहमीच्या १० बाय १२ च्या खोलीत रुंदी आणि उंचीचे हे दोन सूर शेजारीशेजारी पडतात आणि एकमेकांत भर घालतात. डग्ग्याची घुमक सगळ्या तालात एकाच सुरात 'बूम' करते ती यामुळे.

आधी फुकटचं करा. स्पीकर कोपऱ्यातून बाहेर ओढा, मागच्या भिंतीपासून दीड-दोन फूट तरी. दोन स्पीकर आणि तुमची जागा यांचा समभुज त्रिकोण करा, ट्वीटर कानाच्या उंचीला. तुमची खुर्ची मागच्या भिंतीला टेकलेली नको. फूटभर पुढे ओढली तरी फरक कळतो. टाइल्सवर जाड गालिचा आणि खिडकीला वजनदार पडदे लावा. सतरंजीने वरच्या सुरांचा खणखणाट थोडा कमी होतो, पण ५७ हर्ट्झला ती अडवत नाही.

मग मोजमाप. रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर मोफत आहे, आणि मिनीडीएसपीचा यूएमआयके-१ सारखा कॅलिब्रेट केलेला यूएसबी माइक पुरतो. माइक कानाच्या जागी ठेवून २० ते ३०० हर्ट्झचा स्वीप (खालून वर सरकत जाणारा सूर) घ्या. आलेखात जे उंच, अरुंद डोंगर दिसतील तेवढेच खाली आणा: समजा ५७ वर ९ डेसिबलचा डोंगर, तर तिथे ५ च्या आसपास क्यू (कपात किती अरुंद ते ठरवणारा आकडा) ठेवून ७-८ डेसिबल कापा. खोल दऱ्या भरू नका. तिथे लहरी एकमेकांना रद्द करत असतात, तुम्ही जेवढं ओताल तेवढंच पुन्हा रद्द होतं आणि अ‍ॅम्प व स्पीकर मात्र ताणले जातात. दरी बुजवायची असेल तर खुर्ची किंवा स्पीकर सरकवा. ३०० हर्ट्झच्या वर हात लावू नका, तिथे डोकं चार इंच हललं की आलेख बदलतो.

कपातीचे हे फिल्टर इक्वलायझर एपीओ या मोफत प्रोग्रॅममध्ये टाकता येतात, पण तो विंडोजच्या मिक्सरच्या वाटेवर बसतो. फूबार एक्सक्लुझिव्ह मोडमध्ये असेल तर फिल्टर काहीच करणार नाहीत आणि तुम्ही बुचकळ्यात पडाल. दोन मार्ग आहेत. फूबारच्या आतच पॅरामेट्रिक इक्वलायझरचा जोड टाकून फिल्टर तिथे द्या, म्हणजे एक्सक्लुझिव्ह मोड राहतो. किंवा एक्सक्लुझिव्ह मोड सोडून द्या, रेट २४ बिट ४४.१ वर ठेवा आणि इक्वलायझर एपीओ चालू ठेवा. त्यामुळे ब्राउझर, चित्रपट, सगळ्यांनाच दुरुस्ती मिळते. बिट जसेच्या तसे पोचण्याचा आग्रह आणि ९ डेसिबलचा फुगवटा घालवणं यांत निवड करायची वेळ आली तर निःशंकपणे दुसरं निवडा. पहिल्याने झालेला फरक ऐकू येईलच असं नाही, दुसऱ्याचा स्वयंपाकघरातूनही कळतो. फिल्टर टाकल्यावर त्याच जागी पुन्हा स्वीप घ्या. डोंगर जागचा हलला नसेल तर फिल्टर वाटेत आलेच नाहीत, आउटपुटच्या यादीत चुकीचं उपकरण निवडलं गेलंय.